एन्व्हरकाकांच्या गावात

बारीहून रात्री बोट सुटते आणि सकाळी चहाच्या वेळेला अल्बेनियातल्या दुर्रसला लागते. लेक-जावई इटलीत बारीला असतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे महिनाभर मुक्कामाला गेलो होतो, आणि नातवंडांच्या मागे पळून गुडघे बोलायला लागले तेव्हा जावईबापूंनीच तिकिटं हातावर ठेवली. धक्क्यावर सोडायला आले तेव्हा म्हणाले, "बाबा, ८ ऑगस्ट १९९१ ला याच बंदरात 'व्लोरा' आली होती." क्यूबाची साखर घेऊन हे जहाज दुर्रसला लागलं होतं. हजारो माणसं त्यावर चढली आणि इटलीला न्या म्हणून कप्तानाच्या डोक्यावर बसली. वीस हजारांच्या आसपास माणसं, अंगावरच्या कपड्यांनिशी. इटलीने त्यांना स्टेडियममध्ये कोंडलं आणि बहुतेकांना परत धाडलं. आम्ही त्याच समुद्रावरून उलटे चाललो होतो. केबिनमध्ये गादी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. झोप काही नीट लागली नाही.

दुर्रसहून राजधानी तिरानाला जाताना हिने खिडकीतून पहिल्यांदा पाहिलं. "ही घमेली कोणी उपडी घालून ठेवलीत?" खरोखर तशीच दिसतात. शेताच्या बांधावर, पेट्रोल पंपामागे, समुद्राच्या वाळूत कलंडलेली, सिमेंटची उपडी घमेली. पुढे बंदुकीची नळी बाहेर काढण्यापुरती फट. हेच ते बंकर, परक्या हल्ल्याच्या भीतीने बांधलेले. पावणेदोन लाखांच्या आसपास बांधले, आणि तेव्हा देशाची वस्ती तीस लाखसुद्धा नव्हती. म्हणजे सोळा-सतरा माणसांमागे एक. मी वीज मंडळात चौतीस वर्षं काढली, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. सबस्टेशनच्या पायासाठी सिमेंटच्या गोण्या मिळवताना काय काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे बंकर दिसला की माझ्या डोक्यात गोण्यांचा हिशेब सुरू व्हायचा. शेवटी हिनेच दटावलं, "आता पुरे!" कोणी हल्ला केलाच नाही, हे वेगळं सांगायला नको.

हे ज्याने बांधून घेतले तो अल्बेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होज्जा. १९०८ साली जिरोकास्तरमध्ये जन्मला. सरकारी शिष्यवृत्तीवर फ्रान्समध्ये माँपेलिएला शिकायला गेला, अभ्यास धड केला नाही, शिष्यवृत्ती गेली. परत येऊन कोर्चाच्या शाळेत फ्रेंच शिकवू लागला. इटलीने देश गिळल्यावर तीही नोकरी गेली आणि त्याने तिरानात तंबाखूचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे पुढून विडीकाडी आणि मागून पक्षाच्या बैठका. नोव्हेंबर १९४१ मध्ये अल्बेनियाचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला तो युगोस्लाव्ह कॉम्रेडांच्या हातभाराने. तीन वर्षं डोंगरात लढाई झाली आणि १९४४ च्या नोव्हेंबरात हा छत्तीस वर्षांचा मास्तर देशाचा धनी झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला गोळी घालण्यात आली. इथून पुढे काय होणार, ते त्याच वर्षी कळायला हवं होतं.

भांडणं मात्र त्याने एकेकाशी रीतसर केली. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी, १९६१ मध्ये रशियाशी आणि १९७८ मध्ये चीनशी. प्रत्येक वेळी कारण एकच, समोरचा खरा कम्युनिस्ट राहिला नाही. भाऊबंदकीत बांध कोरत कोरत शेवटी स्वतःची वाट बंद करून घेणारे आपल्याकडेही असतात. इथे ते अख्ख्या देशाचं झालं. १९७६ च्या घटनेतच लिहून टाकलं की परदेशाचं कर्ज घ्यायचं नाही.

तिरानात आम्ही दोन दिवस राहिलो. दायती डोंगराच्या पायथ्याशी पुढाऱ्यांसाठी खोदलेला अणुबंकर आहे, पाच मजले आणि १०६ खोल्या. आता तिथे संग्रहालय आहे. होज्जाची निजायची खोली पाहिली. लाकडी पॅनेल आहेत, पण तरी कोंदट. हिला तिथे गुदमरलं, म्हणून लवकर बाहेर पडलो. शहरातल्या 'पानांच्या घरा'त मात्र मी दोन तास होतो. वेलींनी झाकलेली ही इमारत मुळात १९३१ साली बाळंतपणाचा दवाखाना म्हणून उभी राहिली. पुढे इथूनच सिगुरिमी, म्हणजे गुप्त पोलिस, लोकांचं बोलणं चोरून ऐकायचे. काचेच्या कपाटांत टेपरेकॉर्डर, केबल, आणि घरगुती वस्तूंत बसवायचे इवलेसे मायक्रोफोन. कारागिरी पाहून तांत्रिक माणूस म्हणून कौतुक वाटलं, आणि मग त्या कौतुकाचीच लाज वाटली. या राजवटीत राजकीय कारणावरून पाच हजारांच्या वर माणसं मारली गेली. तुरुंगात आणि हद्दपारीच्या गावांत गेलेल्यांची गणती त्याहून कितीतरी मोठी. स्पाचला तर तांब्याच्या खाणीलाच तुरुंग केलं होतं.

जवळच मदर तेरेसांच्या नावाचा चौक आहे. हिने तिथे हात जोडले. कोलकात्याच्या मदर मूळच्या अल्बेनियन. आई आणि बहीण तिरानात राहत, आणि म्हाताऱ्या आईला भेटायची परवानगी त्यांना कधीच मिळाली नाही. आई १९७२ मध्ये गेली, बहीण त्याच्या पुढच्या वर्षी. होज्जा १९८५ मध्ये मेला. मदर देशात पाऊल ठेवू शकल्या त्या १९८९ मध्ये. तेव्हा त्यांनी होज्जाच्या कबरीवरही फुलं ठेवली. हिला हे सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला नसतं जमलं." मलाही नसतं.

तिरानाहून जिरोकास्तर चार तास. 'फुर्गोन' म्हणजे आपली वडाप. भरली की सुटते, आणि ड्रायव्हर फोनवर बोलतो. गाव डोंगराच्या उतारावर, घरांची छपरंही दगडी पाट्यांची. होज्जाचं जन्मघर म्हणून दाखवतात ते जुनं जळाल्यावर नव्याने बांधलेलं. आता तिथे जुन्या संसाराच्या वस्तू मांडल्यात आणि त्याचं नाव जेमतेम येतं. माहिती सांगणाऱ्या मुलीला मी विचारलं, तर तिने मान अशी हलवली की हो की नाही कळेना. अल्बेनियात होकारालाही मान आडवी हलते. आपल्याकडच्या माणसाने तिथे घोळ वाढवण्यापलीकडे काही करू नये.

मुक्काम खालच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात होता. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, सून आणि इंग्रजी बोलणारी नात. परसात बंकर, त्यात कोंबड्या. रात्री राकीचा, म्हणजे तिथल्या दारूचा, पेला पुढे आला (मी नुसता ओठाला लावला), आणि मी वीज मंडळातला आहे कळल्यावर आजोबा सरसावून बसले. "१९७०!" म्हणाले, "ऑक्टोबरची २५ तारीख."

त्या दिवशी अल्बेनियातल्या शेवटच्या खेड्यात दिवा लागल्याचं सरकारने जाहीर केलं होतं. महायुद्धाआधी ज्या देशात बहुतेकांना सही करता येत नव्हती आणि सरासरी माणूस चाळिशीच्या आतच मरायचा, तिथे हे झालं. आजोबा तेव्हा तेवीस वर्षांचे. लाईन ओढायच्या टोळीत त्यांना 'स्वेच्छेने' धाडलेलं. हा शब्द उच्चारताना नातही हसली. ट्रक चढत नसे तिथे खांब खांद्यावरून वाहिले. खड्डे पहारीने खणले. मजुरी नाही, जेवणाला पाव आणि कांदा. दलदली आटवल्या, रेल्वेचे रूळ टाकले तेही असेच, पोरापोरींना गावोगावहून आणून. मी विचारलं, नाही म्हटलं असतं तर? आजोबांनी परसातल्या बंकरकडे हात केला. काय म्हणायचं होतं ते नातीलाही नीट सांगता आलं नाही.

माझ्या माण तालुक्यातल्या गावात वीज आली १९७४ साली. मी पंधरा वर्षांचा होतो. पहिला बल्ब पेटला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आणि कोयनेच्या पाण्यासाठी उठवलेली कितीतरी माणसं त्याच विजेच्या तारांखाली वर्षानुवर्षं कंदील लावून बसली, हेही मी नोकरीत असताना पाहिलंय. म्हणून आजोबांच्या अभिमानाला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. तरी एक फरक सांगायला हवा. आमच्याकडच्या धरणग्रस्ताला निदान मोर्चा काढता आला, कलेक्टरला चार शिव्या देता आल्या.

आजोबांच्या आईची गोष्ट सुनेने सांगितली. १९६७ मध्ये चर्च आणि मशिदी बंद झाल्या, धर्म पाळणं हाच गुन्हा झाला. ईस्टरला आई अंडी लाल रंगवायची ती रात्री दार लावून, आणि टरफलं परसात पुरायची. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर पोरांच्या बोटांना रंग लागलाय का ते बघायचे. बल्ब आल्यावर आईला आणखी एक भीती पडली, की उजेड फटीतून बाहेर दिसेल. ती रंगकाम पुन्हा चिमणीवर करू लागली.

मग आजोबा मला भिंतीशी घेऊन गेले. काळ्या बॅकेलाइटचं गोल बटण, ७० सालचं. मी सवयीने दाबलं. काहीच झालं नाही. वायर केव्हाच काढलेली. घर रंगवताना सून हे बटण काढायला निघाली की म्हातारा जेवत नाही. शेजारी नवा पांढरा बोर्ड. देशात तयार होणारी बहुतेक वीज आजही पाण्याची, मोठा वाटा द्रिन नदीवरच्या त्याच काळातल्या धरणांचा.

"जाजी एन्व्हर," ते म्हणाले. जाजी म्हणजे काका. शाळेत त्याला असंच म्हणायला शिकवायचे. पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो. त्यांनी खिशातून चष्मा काढला, टेबलाच्या खणातून विजेचं बिल काढलं आणि नातीकरवी विचारलं, तुमच्याकडे युनिटला किती पडतात? मी मोबाईलवर रुपयांचे 'लेक', म्हणजे तिथलं चलन, करून आकडा सांगितला. त्यांनी मान आडवी हलवली, आणि आम्ही दोघं बराच वेळ बिलावरच बोलत बसलो.