डबी काढली की गाडी मेली म्हणे

गाडी टोइंगवर आली तेव्हाच मालक वैतागलेले. चालता चालता चेक लाइट लागली, इंजिन उचलेना, पाय कितीही दाबा गाडी आपली रांगतेय. स्कॅनर लावला तर P2138, म्हणजे एक्सलेटर पेडलच्या दोन सेन्सरची व्होल्टेज एकमेकांशी जुळत नाहीत. हे दोन सेन्सर मुद्दामच दिलेले असतात, एकाने खोटं सांगितलं तर दुसऱ्यावरून पकडता यावं म्हणून, आणि पकडलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, सरळ पॉवर कापून गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे कशीबशी रांगण्यापुरतीच पॉवर.

पेडल बदलायचं मनात होतं, पण खाली वाकून टॉर्च मारली तर पेडल आणि वायरिंगच्या मधे एक छोटी डबी. थ्रॉटल कंट्रोलर, पिकअप वाढावा म्हणून बाहेरून लावून घेतात तो. तिचा कनेक्टर अर्धवट बसलेला, लॉकच लागलं नव्हतं, बस एवढाच फॉल्ट.

मी म्हटलं काढूनच टाका. तर म्हणाले, "नाही हो, ती काढली की गाडी मेल्यासारखी वाटते, पॉवर खरंच वाढलीय."

कनेक्टर नीट बसवला, कोड उडवला आणि एक चक्कर मारून आलो. आता खरं सांगतो, मलाही वाटलं की वाढलीय! पाय ठेवताच गाडी झेपावत होती. इतकी वर्षं हेच काम करतोय तरी फसलो.

मग आल्यावर इंजिन बंद, नुसतं इग्निशन ऑन, आणि पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला, म्हणजे दोन्ही वेळा पेडल तेवढंच दाबलं जाणार. डबीशिवाय स्कॅनरवर पेडल 30 टक्के, डबी लावून तेच पेडल 52. मालक खूश, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" ठोकळा काढला आणि म्हटलं आता पूर्ण दाबा, तळाला टेकेपर्यंत. डबी असताना जो आकडा आला तोच डबी काढून. शंभराच्या वर ती जाणार कुठे.

कारण ती डबी फक्त पेडलचा सिग्नल फुगवून ईसीयूला देते, तुम्ही थोडं दाबलंत तरी त्याला वाटतं जास्त दाबलंय. पूर्ण दाबल्यावर हवा तेवढीच, इंधन तेवढंच, टर्बोचा दाबही कंपनीने ठरवलाय तेवढाच, आणि टर्बो भरायला जो वेळ लागतो तोही तसाच राहतो. पॉवर हवी तर ईसीयूचा मॅपच, म्हणजे इंधन किती आणि टर्बोचा दाब किती हे ठरवणारा त्याच्या आतला हिशोब, बदलावा लागतो, ते वेगळं प्रकरण आणि त्यात वॉरंटीची भानगड.

पण डबी अगदीच फसवी आहे असंही मी म्हणणार नाही. बऱ्याच गाड्यांचं पेडल सुरुवातीला मुद्दाम मवाळ ठेवलेलं असतं आणि काहींना तो आळस खरंच खटकतो, तो जातो. फक्त ट्रॅफिकमध्ये हळू सरकताना पाय जरा हलला की गाडी धक्के देते, ही तक्रार मालकांनी स्वतःच मग हळूच सांगितली, बायको मागे बसते तेव्हा ओरडते म्हणे.

शेवटी डबी काढली नाहीच. सगळ्यात खालच्या मोडवर ठेवून घेतली, आणि जाताना तो ठोकळा मागत होते, मित्राला दाखवायला.