पुठ्ठ्याखालचं मुखपृष्ठ

खरं सांगायचं तर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मी गोष्टींसाठी जमवत नाही. हजाराच्या वर लिहिल्या त्यांनी. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक दहा-बारा पुस्तकांत घरचे होऊन जातात. मला हवी असतात चित्रकार रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं, आणि नेमकी तीच मिळत नाहीत. ही पुस्तकं विकत घेणारे थोडे, वाचनालयातून आणणारे फार. हातोहात फिरून ती टिकावीत म्हणून बाइंडर मुखपृष्ठावरच खाकी कागद डकवून पुठ्ठा चढवायचा. कधी मुखपृष्ठ सरळ फाडूनही टाकायचा.

एका बंद पडलेल्या वाचनालयाचं पोतं रद्दीवाल्याकडे आलं, ते मी किलोच्या भावाने उचललं. घरी मोजली तर ४३ पुस्तकं, सगळी खाकी. एकाच्या फाटक्या कोपऱ्यातून मात्र लाल रंग डोकावत होता. धीर कुठला धरवतोय! खाकी कागद तसाच कोरडा ओढला, तर बाईचा चेहरा त्याच्याबरोबर निघून आला. हातात पिस्तूल, वर मान नाही. दोन दिवस त्या पोत्याकडे फिरकलो नाही.

मग एका म्हाताऱ्या बाइंडरला विचारलं. तो हसलाच. म्हणाला, "अहो, मैद्याची खळ ती. पाण्याने लागली, पाण्यानेच सुटणार."

आता आधी गंजलेल्या पिना काढतो. गंज ओला झाला की डाग पसरतो. मग रंगावर ओल्या कापसाचा बोळा टेकवून बघतो. कापूस लाल झाला तर नाद सोडायचा. नाही झाला, तर खाकीवर दमट टिपकागद, त्यावर काच, आणि वीसेक मिनिटं हात बांधून बसणं (हेच सगळ्यात अवघड). खळ फुगली की बोथट सुरीने मुखपृष्ठावरून खाकी सोलायची. खाकीवरून मुखपृष्ठ सोलायला गेलात की मेलात. निघालेलं चित्र कोरड्या टिपकागदांत घालून वजनाखाली ठेवायचं. फाटलं असेल तर सेलोटेप अजिबात नको, तिचा पिवळा डाग जात नाही.

४३ मधून ७ मुखपृष्ठं निघाली. एकावर कोपऱ्यात मुळगावकरांची सही आहे, आणि भुवई उंचावलेली एक तरुणी. उत्सुकतेने ते पुस्तक वाचून काढलं. तरुणी आतमध्ये कुठेच नाही.

रद्दीवाला आता खाकी पुस्तकं बाजूला काढून ठेवतो. भावही दुप्पट सांगतो.