जालहळ्ळी, मटन स्ट्रीट, जुना बाजार: चावीच्या घड्याळांमागचा प्रवास

चावीची जुनी घड्याळं जमवायची असतील तर पहिली फेरी मुंबईच्या चोर बाजारात मारू नका. आधी बंगळूरला जा. जालहळ्ळीला एचएमटीचं संग्रहालय आहे, ते नीट बघा आणि मग बाजारात उतरा. मी या क्रमाने गेले, आणि जे जे मला विचारतात त्यांना हाच क्रम सांगते. बाजारात एका फळीवर सात-आठ ‘पायलट’, म्हणजे एचएमटीचं एक गाजलेलं मॉडेल, मांडलेले असतात. त्यातला एखादा कारखान्यातून आला तसा असतो, बाकीच्यांच्या डायली पुसून पुन्हा रंगवलेल्या असतात. अस्सल डायल कशी दिसते हे डोळ्यात आधी बसलेलं असलं, तर तो एक ओळखू येतो.

मी जमवते ती मुख्यतः एचएमटीची हाताने चावी द्यायची घड्याळं. सुरुवातीला जे दिसेल ते घेत होते: सिको, फेवर ल्युबा, वेस्ट एंडचं ‘सोवार’, सेलवरची टायटनसुद्धा. हळूहळू बाकीची देऊन टाकत एचएमटीवर आले. एचएमटी कंपनी १९५३ची. १९६१मध्ये जपानच्या सिटिझनशी करार करून तिने घड्याळांचं काम हाती घेतलं. बंगळूरनंतर श्रीनगर, तुमकूर आणि नैनीतालजवळच्या राणीबागेत कारखाने झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, कांचन, रजत ही नावं आपल्या घरांमध्ये माणसांच्या नावांइतकी रुळली होती. लग्नात जावयाला एचएमटी देण्याची पद्धत होती, म्हणून सोनेरी मॉडेलं आजही बाजारात जास्त दिसतात. २०१६च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्या कारखान्यांतली जुनी अस्सल डायल आता शिल्लक आहे तेवढीच, आणि म्हणूनच ती ओळखता यायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

पुण्याहून उद्यान एक्सप्रेस सोयीची. दुपारी बसलं की सोलापूर, वाडी, गुंटकल करत सकाळी बंगळूर. स्टेशनातून मॅजेस्टिकच्या मेट्रो स्थानकावर चालत यायचं, हिरव्या मार्गिकेची मेट्रो पकडायची आणि जालहळ्ळीला उतरून रिक्षा करायची. रिक्षावाल्याला ‘एचएमटी म्युझियम’ एवढं सांगितलं की पुरतं. निघण्यापूर्वी सुट्टीचा वार आणि वेळा बघून घ्या, आणि किमान अर्धा दिवस हाताशी ठेवा.

संग्रहालय झाडीतल्या एका जुन्या बंगल्यात आहे. कंपनीची यंत्रं आणि ट्रॅक्टरही तिथे आहेत, घरातली मुलं त्यात रमतात. मी घड्याळांपाशीच थांबले. नुसती मॉडेलं बघत पुढे सरकू नका. वही काढा. ‘जनता’ या अक्षरांची जाडी, मिनिटांच्या रेघा कुठे संपतात, आकड्यांपासून त्या किती लांब आहेत, मिनिटकाटा रेघांना टेकतो की अलीकडेच थांबतो, हे लिहून घ्या. दुसऱ्या मॉडेलचा काटा बसवलेला असला की तो हमखास आखूड किंवा लांब पडतो, आणि पुढे बाजारात ही एक खूण फार उपयोगी पडते. देवनागरी आकड्यांची ‘जनता’ सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे तिच्या नकली डायलीही खूप. तिच्यासाठी १, ५ आणि ९ या आकड्यांची वळणं मन लावून बघा. रंगवणाऱ्याचा हात नेमका तिथे डळमळतो.

अंधांसाठीचं ब्रेल घड्याळही एचएमटीने काढलं होतं. काच झाकणासारखी उघडायची, काट्यांवर बोट फिरवायचं आणि वेळ ओळखायची. एका सरकारी कंपनीने असल्या गोष्टीवर डोकं चालवलं याचं मला मनापासून कौतुक आहे.

परतताना त्याच हिरव्या मार्गिकेवर मॅजेस्टिकच्या पुढे लालबाग लागतं. तिथल्या बागेत एचएमटीचं ७ मीटर व्यासाचं फुलांचं घड्याळ आहे. वेळ असेल तर उतरा.

मुंबईत चोर बाजाराचा खरा वार शुक्रवार. मटन स्ट्रीटची कायमची दुकानं त्या दिवशी बंद असतात आणि रस्त्यावर पथारीवाले बसतात. उजाडायच्या आत पोचायला हवं, म्हणून आम्ही, म्हणजे मी आणि धाकटा भाऊ, आदल्या रात्री दादरला मुक्काम केला. पहाटेची धीमी लोकल घ्या, जलद गाडी सँडहर्स्ट रोडला थांबत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्यांना ग्रँट रोड बरं. भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे जुन्या खुणांवर विसंबू नका, विचारत विचारत जा. बरोबर बॅटरी, भिंग, सुटे पैसे आणि काच पुसायला मऊ फडकं. पर्स घरी ठेवा, पैसे आतल्या खिशात.

अंधारात बॅटरीच्या उजेडात घड्याळ बघणं ही वेगळीच तालीम आहे. उजेड समोरून मारू नका, तिरका धरा. तिरक्या उजेडात पुन्हा रंगवलेली डायल लगेच उघडी पडते: रंग कडेला जाड दिसतो, रेघांवर फुगतो, तारखेच्या खिडकीच्या कोपऱ्यात साचतो. भडक केशरी आणि पोपटी रंगाचे बहुतेक पायलट असेच तयार झालेले असतात. सिको फाइव्हच्या अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशातले जमवणारे सरळ ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव या कारणाने जगभर फिरावं याचं मला वाईट वाटतं, कारण याच गल्ल्यांमध्ये फेवर ल्युबाची अस्सल ‘सी चीफ’ही मिळतात. १७३७पासूनचा वारसा सांगणारी ही स्विस कंपनी १८६५पासून भारतात माल विकत आली, तेव्हा मुंबईत तिची घड्याळं निघणं साहजिक आहे.

सिको घेणाऱ्यांसाठी एक पक्की पद्धत. मागच्या झाकणावर मॉडेलचा क्रमांक असतो, त्याचे पहिले चार आकडे म्हणजे मशीन, उदाहरणार्थ ७००९. झाकण उघडल्यावर आत तोच आकडा दिसला पाहिजे. अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य किंवा O, नोव्हेंबरसाठी N आणि डिसेंबरसाठी D. डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत डायलचाही क्रमांक असतो. रंगवताना बहुतेक वेळा तोच गायब होतो किंवा वाकडातिकडा येतो.

“भाईसाब, पीछे से खोल के दिखाइए” हे वाक्य संकोच न करता म्हणा. मी बाई आहे म्हणून सुरुवातीला मला लेडीज घड्याळंच दाखवली जातात. मी शांतपणे जवान आणि पायलट मागते, आणि दोन प्रश्न मशीनबद्दल विचारले की बोलण्याचा सूर बदलतो. झाकण उघडायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका. उघडल्यावर गंज, स्क्रूच्या खाचा चेपलेल्या आहेत का आणि बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, मोकळेपणाने झुलतो का, हे बघा. मग चावी द्या. हाताला एकसारखा ताण लागला पाहिजे, मध्येच घसरता कामा नये. चावी ओढून काटे फिरवा, ते सैल वाटले तर काम निघणार हे धरून चाला. शेवटी कानाला लावा. एचएमटीच्या या चावीच्या मशीनमध्ये सेकंदाला पाच ठोके पडतात. ठोके लंगडत असतील तर कानाला कळतंच.

जनता आणि पायलटच्या बऱ्याच डब्या, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची चौकट, पितळेवर क्रोम चढवलेल्या असतात. मनगटाला घासते त्या बाजूला, पट्ट्याच्या पिनांजवळ, घामाने खड्डे पडतात आणि हिरवं पितळ दिसतं. डबी अगदी नव्यासारखी चकचकीत आणि डायल मात्र जुनी, असं असेल तर डबी बदललेली किंवा पुन्हा मुलामा दिलेली समजा. काचेवरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका. ती अ‍ॅक्रिलिकची असते, पॉलिशने साफ होते, बदलताही येते.

सांगितलेली किंमत निम्म्यावर येणं चोर बाजारात नवल नाही. पण भावाची घासाघीस करण्यापेक्षा सर्व्हिसिंगचा खर्च मनात धरून बोला. बंद पडलेलं स्वस्त घड्याळ शेवटी चालत्यापेक्षा महाग पडतं. तुमच्याकडे चांगला कारागीर असेल तरच बंद घड्याळ घ्या. लेडीज घड्याळं भाव कमी म्हणून मोह घालतात, पण त्यांची मशीनं इतकी लहान असतात की हात लावायला तयार होणारे कारागीर कमी उरलेत.

१९६०च्या दशकातली किंवा त्याआधीची, अंधारात चमकणाऱ्या काट्यांची घड्याळं दिसली तर जपून. त्यांत रेडियम असू शकतं. चमक आता गेलेली असली तरी पदार्थ तिथेच असतो. घरी झाकण किंवा काच उघडू नका, डायल खरवडू नका, मुलांच्या हाती देऊ नका.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठ मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं. मुंबईपेक्षा इथे निवड कमी, पण घराघरांतून निघालेलं सामान जास्त. त्यामुळे कुणी न छेडलेलं घड्याळ मिळण्याची आशा मला इथे अधिक वाटते. सुट्या भागांसाठीही इथेच फिरा. तुटक्या ‘जनता’तून काटे, चावी, बॅलन्स मिळतो, आणि असं एक घड्याळ घरातल्या दोन-तीन घड्याळांना जगवतं.

माझी घड्याळं दुरुस्त करणारे काका डायलीला हात लावू देत नाहीत. “धुऊ नका, पुसू नका, डाग राहू दे,” हे त्यांचं ठाम म्हणणं आणि माझंही. पिवळी पडलेली, कडेला डागाळलेली मूळ डायल मी नव्या रंगवलेल्या डायलीपेक्षा जास्त किंमत देऊन घेते, आणि माझ्याकडून घेणाऱ्यालाही तोच भाव सांगते. बंगळूरला जाऊन आल्यावर हे पटवून द्यायला फारसं बोलावं लागत नाही.

अदलाबदलीचे माझे नियम साधे आहेत. समोरच्याला झाकण उघडून मशीनचा फोटो द्यायचा, डायल मूळ की रंगवलेली ते स्वतःहून सांगायचं, काय बदललं ते कागदावर लिहून द्यायचं आणि काढलेला जुना भाग फेकून न देता बरोबर द्यायचा. एका कांचनच्या बदल्यात मला असाच डागाळलेला पण अस्सल पायलट मिळाला. त्या गृहस्थांना सासऱ्यांच्या घड्याळासारखं सोनेरी ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, हवं होतं, मला काळी डायल हवी होती, पैशांचा प्रश्नच आला नाही. वार-तारखेच्या घड्याळाची देवाणघेवाण करताना घेणाऱ्याला आवर्जून सांगा की रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलायची नाही. त्या वेळात आतली दातेरी चाकं गुंतलेली असतात आणि दाते तुटतात.

घड्याळ अचानक रोज कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं तर लगेच सर्व्हिसिंगला देऊ नका. मोबाइलवरच्या होकायंत्राजवळ धरा. सुई थरथरली तर बॅलन्सच्या बारीक कमानीला चुंबकत्व लागलं आहे, आणि ते काढणं कारागिराचं मिनिटभराचं काम.

कुरिअरने पाठवायचं असेल तर चावी उतरू द्या, पट्टा काढून वेगळा गुंडाळा, घड्याळ आधी कापडात आणि मग कडक खोक्यात ठेवा. पट्ट्याची बकल काचेवर घासून आलेली घड्याळं मी फार पाहिली आहेत.