तापकीर गल्लीतला व्हॅरिस्टर

परवाच्या वळवाच्या पावसात दिवे भप्पकन मोठे झाले आणि वॉशिंग मशीन गप्प. मेकॅनिकचा निकाल ठरलेला: "अख्खा बोर्ड बदला, साहेब." आज सुट्टी, म्हटलं आधी उघडून तर बघू.

फ्यूजशेजारची निळी चकती फुटलेली, भोवती काजळी, वरचा नंबर गायब. बोर्डावर मात्र 'झेडएनआर' छापलेलं. म्हणजे व्हॅरिस्टर. व्होल्टेज फार चढलं की हा शॉर्ट होतो, फ्यूज उडवतो आणि मागची मंडळी वाचवतो. सख्खा भाऊसुद्धा एवढं करत नाही!

उरलेल्या तुकड्यावरून व्यास काढला, १४ मिलिमीटर. आपल्या २३० व्होल्टला १४डी४७१ चालतो. १४ हा व्यास; ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट, साधारण तिथून हा करंट ओढायला लागतो. तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लगेच मिळाला, फ्यूजही तेवढ्याच अँपिअरचा. वेळ खाल्ला तो बुधवार पेठेत गाडी लावायला. (पुणेकरांना वेगळं सांगायला नको.)

काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट घासली, कारण कोळशातूनही करंट धावतो. मग सोल्डरचे डाग दिले आणि आधी सिरीजमध्ये साठ वॅटचा बल्ब लावून बघितलं; शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटून राहतो. क्षणभर पेटला, मंद झाला. शॉर्ट नाही!

मशीन फिरतंय. बायको विचारतेय, मिक्सर कधी बघताय?