कॅनो कोच व्हायचंय? मी नॉटिंगहॅममध्ये कशी झाले ते सांगते

अखेर सर्टिफिकेट आलं!! आता मी कॅनोची (एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या उघड्या होडीची) क्वालिफाइड कोच आहे, शेल्टर्ड वॉटरची म्हणजे संथ, सुरक्षित पाण्याची, आणि खूप म्हणजे खूप आनंद झालाय. सांगलीला फोन केला तर आईचा पहिला प्रश्न, अगं इतकी वर्षं चालवतेसच की होडी, मग परीक्षा कशाला दिलीस? इथल्या मराठी मित्रमंडळींनीही हेच विचारलं म्हणून म्हटलं जरा सविस्तरच लिहावं.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचं उत्तर फार वाईट पद्धतीने मिळालेलं आहे. २२ मार्च १९९३ ला प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, त्यांचे शिक्षक आणि एका अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरचे दोन इन्स्ट्रक्टर दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसहून कयाकने (दोन पात्यांच्या वल्ह्याच्या अरुंद होड्यांनी) समुद्रात निघाले. वारा जमिनीकडून समुद्राकडे, कयाक उलटायला लागले, गट भरकटत गेला, मदत मागायला फ्लेअर म्हणजे इशाऱ्याचे प्रकाशबाणसुद्धा नव्हते आणि चार मुलं गेली. इन्स्ट्रक्टर होते, पण त्यांच्याकडची पात्रता अगदी प्राथमिक, मुलांना घेऊन समुद्रावर जाण्याची नव्हतीच. सेंटर चालवणाऱ्या कंपनीचा संचालक तुरुंगात गेला आणि १९९५ मध्ये अशा अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरना लायसन्स सक्तीचं करणारा कायदा आला. हे मी ट्रेनिंगच्या आधी वाचलं होतं आणि तेव्हापासून "अनुभव आहे ना, बास झालं" हे वाक्य मला ऐकवत नाही.

तर रस्ता असा. वल्हवण्याच्या या खेळांची इथली राष्ट्रीय संस्था पॅडल यूके, २०२४ पर्यंत तिचं नाव ब्रिटिश कॅनोइंग होतं. आधी बहुतेक जण पॅडलस्पोर्ट इन्स्ट्रक्टर करतात, म्हणजे शांत पाण्यावर नवख्या लोकांना तासा-दोन तासांची ओळख करून द्यायची, मीही तेच केलं. मग कोच अवॉर्ड. फर्स्ट एड, सेफगार्डिंग म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, मुलांबरोबर काम करायचं तर डीबीएस म्हणजे पोलिस रेकॉर्डची तपासणी, हे सगळं लागतंच. मग दोन दिवसांचं कोअर ट्रेनिंग, त्यानंतर तुमच्या होडीचं आणि तुमच्या पाण्याचं वेगळं ट्रेनिंग, मग बरेच महिने खऱ्या लोकांना शिकवायचं, नोंदी ठेवायच्या, आणि शेवटी असेसमेंट, ज्यात परीक्षक काठावर उभा राहून बघतो आणि नंतर प्रत्येक निर्णयाचं कारण विचारतो.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते बघायला शिकणं! कॅनोत एकाच पात्याचं वल्हं असतं आणि एकटं माणूस एकाच बाजूने वल्हवतं, त्यामुळे प्रत्येक झटक्याला होडीचं नाक दुसऱ्या बाजूला वळतं. त्यावर उपाय जे-स्ट्रोक, म्हणजे झटका संपता संपता वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पातं हलकेच बाहेर ढकलायचं. नवखा माणूस हमखास अंगठा वर करतो, होडी सरळ जाते पण ब्रेक लागल्यासारखी हळू होते. आता पूर्वी मी ओरडून सांगितलं असतं, अंगठा खाली, अंगठा खाली. ट्रेनिंगमध्ये आम्हाला त्या चुकीच्या मुळाशी जायला शिकवलं. अंगठा राहू दे, वल्हं मुळात उभं आहे का? वरचा हात होडीच्या कडेबाहेर पोचतोय का? नसेल तर वल्हं तिरकं पडतं, पाणी अर्धगोलात ढकललं जातं आणि होडी जास्तच वळते, मग जे-स्ट्रोक कितीही चांगला असू दे. आणि हात का पोचत नाही, तर माणूस बरोबर मधोमध बसलाय. त्याला गुडघ्यावर बसवून वल्ह्याच्या बाजूला जरा सरकवलं की अर्धं काम झालं, स्ट्रोकबद्दल एक शब्दही न बोलता. माझ्या गटातल्या एक आजी (सत्तरीच्या पुढच्या, भारी उत्साही) अशा सरकल्या आणि बीस्टन कनालवर पहिल्यांदा सरळ रेषेत गेल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मलाच भरून आलं.

ट्रिमचंही, म्हणजे होडीतलं वजन पुढे-मागे कसं ठेवायचं याचंही, तसंच. समोरून वारा असेल तर वजन पुढे, मागून असेल तर मागे, एवढं सामान पुढेमागे केलं की निम्मी झटापट संपते. लोकांना वाटतं आपल्यात ताकद कमी आहे, ताकदीचा काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. क्लॅप म्हणतात त्याला, म्हणजे गटाशी संपर्क, सगळे नजरेत, संकट आधीच टाळणं, आणि आपण अशा जागी असणं की गरज पडली तर लगेच पोचू. माझ्या अवॉर्डची मर्यादा स्पष्ट आहे, संथ नदी, तळ्यात काठापासून २०० मीटरच्या आत, वारा ब्युफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) ३ पेक्षा जास्त नको. ट्रेंट नदी घराजवळ आहे, बीस्टनचा बंधारा आहे, होम पिअरपॉन्टला खळाळत्या पाण्याचा कृत्रिम कोर्सही आहे, पण बंधाऱ्यावर आणि त्या कोर्सवर मी गट नेऊ शकत नाही आणि नेणारही नाही. आणि इथलं पाणी थंड असतं हो, वसंतात ऊन बघून फसायला होतं, अचानक पडलं की पहिल्या काही क्षणांत श्वास आवरत नाही, कृष्णेत पोहणं शिकलेल्या माझ्यासारखीलासुद्धा. लेप्टोबद्दल मात्र मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, तो इथेही आहे, जखम झाकायची आणि हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

खर्च होतो, खोटं कशाला बोलू. पण बरेच क्लब स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगला हातभार लावतात, तेव्हा आधी क्लबात जा, मदतनीस म्हणून काठावर उभं राहा, आपल्याला शिकवायला आवडतंय का ते तिथेच कळतं.

आणि इथे राहणाऱ्या आईबाबांसाठी एक. उन्हाळ्यात मुलांना वॉटरस्पोर्ट्सला घालताना जागा किती छान आहे हे नंतर बघा. १९९५ च्या कायद्याचं लायसन्स क्लबना आपल्या सदस्यांसाठी लागत नाही, तळ्या-नद्यांमधल्या काठापासून ५० मीटरच्या आतल्या शांत पाण्यालाही नाही, म्हणून आपणच विचारायचं: पाण्यावर मुलांबरोबर कोण असणार, त्यांच्याकडे कुठलं अवॉर्ड आहे, आणि ते याच पाण्यासाठीचं आहे का. चांगला कोच या प्रश्नाने अजिबात रागावत नाही, उलट कार्ड काढून दाखवतो.