बाण सोडण्यापूर्वीचा निर्णय

नागपूर, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, रविवार

बाणाने हरीण कशामुळे मरते हे ज्याला नीट समजलेले नाही, त्याने हरणावर धनुष्य रोखू नये, असे माझे मत या काही आठवड्यांत पक्के झाले आहे. निमित्त माझ्या भाच्याचे आहे. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. धनुष्याने शिकार करण्याचा तिथला रीतसर परवाना त्याने यंदा काढला आणि मला विचारले, "मामा, जनावराचं शरीर तुम्हाला आतून-बाहेरून ठाऊक आहे. बाण कधी सोडावा आणि कधी सोडू नये, तेवढं मला समजावून सांगा."

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमामुळे असा प्रश्न उद्भवत नाही आणि उद्भवू नये, असेच मला वाटते. पेंचच्या जंगलात चितळांची संख्या आवाक्यात ठेवायला वाघ, बिबटे आणि रानकुत्री आहेत. पेनसिल्व्हेनियातून लांडगे केव्हाच नाहीसे झाले, पांढऱ्या शेपटीची हरणे मात्र अमाप वाढली. म्हणून तिथली राज्ययंत्रणा परवाने आणि हंगाम ठरवून देऊन शिकारीला मुभा देते. शिकार करावी की नाही याबद्दल आम्हा दोघांचे एकमत नाही. तरीही, जो जाणारच आहे त्याच्या हातून प्राण्याचे हाल होऊ नयेत, एवढी काळजी मी पशुवैद्य म्हणून घ्यायलाच हवी.

बंदुकीची गोळी ऊतींचा चुराडा करते, बाण मात्र कापतो. त्याचे धारदार पाते दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेले, तर रक्तस्राव होऊन आणि फुप्फुसे मिटून हरीण बहुधा काही सेकंदांतच कोसळते. हृदय छातीत बरेच खाली, पुढच्या पायाच्या कोपराच्या पातळीवर असते आणि फुप्फुसे त्याच्या वर आणि मागे पसरलेली असतात. नवशिक्याचा डोळा मात्र शरीराच्या मध्यावर जातो, आणि मध्यावर फुप्फुसे नसतात. हरणाला गाईप्रमाणेच बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. पण श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, घुमटासारखे पुढे फुगलेले असल्यामुळे शेवटच्या बरगड्यांच्या आड उजवीकडे यकृत आणि डावीकडे कोठीपोट, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचे चारा साठवणारे मोठे पोट, असते. रामटेक तालुक्यात नोकरीला असताना गावकुत्र्यांनी मारलेल्या चितळांच्या शवविच्छेदनासाठी वनखात्याचे बोलावणे येई. बाहेरून छाती वाटणाऱ्या भागावर सुरी चालवली की अर्धवट चावलेला हिरवा चारा बाहेर यायचा, तो वास मला आजही आठवतो. भाच्याला मी जी आकृती काढून पाठवली, तिच्यात सर्वांत ठळक रेघ या श्वासपटलाचीच आहे.

या रेघेच्या मागे बाण लागला तर काय होते, हे मी गाईंमध्ये पाहिले आहे. चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा पोटात गेलेली आणि पोटाच्या आवरणाला सूज आलेली गाय पाठीची कमान करून, कोपरे अंगापासून दूर धरून उभी राहते. ती दात खाते, रवंथ थांबवते, आणि तिला उतारावरून चालवले की कण्हते. गाईला गोठा असतो, मालक असतो, औषध असते. पोटात बाण लागलेले हरीण तशीच पाठ वाकवून झुडपात जाऊन बसते आणि कित्येक तास, कधी त्याहूनही जास्त काळ, जिवंत राहते. अशा वेळी शिकाऱ्याने लगेच मागे जाऊ नये, आठ-दहा तास थांबावे, असे तिथले जाणकार सांगतात. कारण उठवलेले हरीण आणखी दूर पळते आणि मग सापडतच नाही. सल्ला योग्यच आहे, पण ते आठ-दहा तास हरणाच्या वाट्याला येतात हे मी भाच्याला स्पष्ट शब्दांत लिहिले.

म्हणून हरीण कसे उभे आहे, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत आधीचा. ते पूर्ण आडवे, म्हणजे अख्खी बाजू आपल्याकडे करून, उभे असेल आणि जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तर फुप्फुसांकडे जाणारी वाट मोकळी असते. ते किंचित पाठमोरे, तिरपे उभे असेल तर पलीकडच्या खांद्याचा अंदाज धरून बाण मागून पुढे छातीत शिरू शकतो. परंतु तिरपेपणा वाढला की तोच बाण आधी कोठीपोटातून जातो. आपल्याकडे तोंड करून तिरप्या उभ्या असलेल्या हरणाच्या बाबतीत खांद्याचे हाड आडवे येते, एकच फुप्फुस सापडते आणि बाण पोटात उतरतो. समोरून किंवा थेट मागून तर विचारही करू नये.

अंतराबाबत भाच्याची समजूत अशी होती की सरावात चाळीस यार्डांवरून सगळे बाण ताटलीएवढ्या जागेत बसतात, तेव्हा जंगलातही चाळीस यार्ड चालतील. फोमचे लक्ष्य हलत नाही. आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ऐंशी मीटर जातो, आवाज मात्र तीनशे चाळीस. तीस यार्डांवर, म्हणजे सुमारे सत्तावीस मीटरवर, प्रत्यंचेचा आवाज हरणाच्या कानी पडल्यानंतर बाण पोहोचायला जवळजवळ पाव सेकंद उरतो. तेवढ्यात सावध हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडते, त्याची छाती काही इंच खाली जाते आणि नेम अचूक असूनही बाण वर लागतो. पेंचमधल्या सिल्लारीकडच्या रस्त्यांवर ज्याने चितळ पाहिले आहे, त्याला सावध हरीण ओळखायला शिकवावे लागत नाही: मान ताठ, कान एका दिशेला रोखलेले, पुढचा खूर जमिनीवर आपटणे. पांढऱ्या शेपटीचे हरीणही असाच खूर आपटते. ते दिसले की वीस यार्डांवरूनही थांबावे, असे मी त्याला सांगितले. सरावातले अंतर निम्मे करावे, हे माझे मत. त्याला ते फार कडक वाटते, पण मी ते बदललेले नाही.

यात उजेडाचाही विचार येतो. सूर्य मावळताना सोडलेल्या बाणाचा माग अंधारात काढावा लागतो, आणि पाऊस आला तर पानांवरचे रक्त धुऊन जाते. फेसाळ गुलाबी रक्त फुप्फुसाचे, गडद लाल बहुधा यकृताचे, हिरवट आणि चाऱ्याचा वास येणारे पोटाचे, ही ओळख पटायलाही उजेड लागतो. ज्या संध्याकाळी माग काढायला वेळ नाही, त्या संध्याकाळी हरीण कितीही चांगले उभे असले तरी धनुष्य ताणू नये.

आज सकाळी सहाला त्याचा फोन आला, तेव्हा तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. पंचवीस यार्डांवर एक मादी आली होती, थोडी त्याच्याकडे वळलेली. प्रत्यंचा पूर्ण ताणून तो वाट पाहत राहिला. ती वळली नाही, तेव्हा त्याने प्रत्यंचा हळूहळू सैल केली. मला मनापासून बरे वाटले आणि मी ते त्याला सांगितले.

त्याचा नवा प्रश्न मचाणाचा आहे. झाडावर वीस फूट उंच बसल्यावर हरीण अगदी बुंध्याशी आले तर जवळ म्हणून बाण सोडावा का? मी नको म्हटले. वरून जवळजवळ सरळ खाली जाणारा बाण बहुधा एकाच फुप्फुसातून जातो, आणि एका फुप्फुसावर हरीण फार दूर जाऊ शकते. ते दहा-पंधरा पावले पुढे जाऊन आडवे उभे राहीपर्यंत थांबावे, आणि तसे झाले नाही तर जाऊ द्यावे. वरून पाहिलेल्या छातीची आकृती मी आज दुपारी काढून त्याला पाठवणार आहे.