काठी की वॉकर? आधी माणूस बघा, मग दुकानात जा

आपल्याकडे घरात कुणाला चालायचा त्रास सुरू झाला की बघायला येणारे पाहुणे मोसंबी, शहाळी आणतात आणि त्यातला एखादा मोठ्या मनाचा पाहुणा थेट वॉकर घेऊन येतो. प्रेमानेच आणतात, त्यात काही वादच नाही. पण चालायचं साधन हे चष्म्यासारखं असतं हो, शेजारच्याचा नंबर आपल्याला लागत नाही. आणि चुकीचं साधन असलं तर माणूस पडू शकतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा डावी बाजू कमजोर झाली. पाय थोडा थोडा उचलायला लागले होते, पण डाव्या हाताची मूठ काही वळत नव्हती. अशात घरी वॉकर आला, नवाकोरा, घडीचा. आता वॉकर म्हणजे दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवायची वस्तू, एका हाताने उचलला की तो तिरका होतो आणि माणूस पण त्याच्याबरोबर तिरका होतो. फिजिओथेरपिस्ट ताईंनी दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, "नाना, हा बाजूला ठेवा, तुम्हाला एका हाताचं साधन पाहिजे." मग चार पायांची काठी आणली, ती जिला खाली चौकोनी बैठक असते ती.

ती काठी कुठल्या हातात धरायची यावर घरात मोठी चर्चा झाली. सगळ्यांचं म्हणणं, डावा पाय कमजोर आहे तर आधार डावीकडेच नको का? तर नाही. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरायची, नानांच्या बाबतीत उजव्या. नानांचा तर डावा हातच चालत नव्हता, पण ज्यांचा फक्त गुडघा किंवा खुबा दुखतो त्यांनाही हेच लागू आहे. आपण चालतो तेव्हा डावा पाय आणि उजवा हात एकत्र पुढे जातात, त्यामुळे दुखऱ्या पायावर भार यायच्या वेळी काठी पलीकडच्या बाजूने तो वाटून घेते. दुखऱ्याच बाजूला काठी धरली की माणूस त्याच बाजूला झुकतो आणि सगळा भार परत त्याच पायावर. रस्त्यात बघा, कितीतरी जण काठी उलट्या हातात धरून चालत असतात, मला तर आता ओळख नसली तरी थांबवून सांगावंसं वाटतं.

जिन्याचं ताईंनी असं शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. आमच्या सासूबाईंनी त्याचं "चांगला वर, दुखरा खाली" करून टाकलं आणि नाना पायरीशी आले की त्या आतून ओरडून सांगायच्या.

आता उंची, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. माणसाने सरळ उभं राहायचं, हात बाजूला सैल सोडायचे, मनगटावर जिथे घडी पडते तिथे काठीची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं, साधारण १५ ते ३० अंश. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो आणि मान धरते, बुटकी झाली तर माणूस पुढे वाकून चालतो. पुस्तकात लिहितात की बूट घालून माप घ्या, पण आपली माणसं घरात अनवाणी असतात आणि चालणं जास्त घरातच असतं, म्हणून जिथे जास्त चालायचं तिथलं माप धरायचं. बाहेर जाड सोलची सॅंडल घालत असतील तर त्यासाठी वेगळं भोक लक्षात ठेवा, अॅल्युमिनियमच्या काठीला बटण दाबून उंची बदलता येते. लाकडी काठी असेल तर सुताराकडून कापून घ्या, पण खालच्या रबराची जाडी धरूनच.

चार पायांच्या काठीचं एक सांगते. तिच्या बैठकीची एक बाजू जास्त पसरट असते, ती बाहेरच्या अंगाला ठेवायची, आत ठेवली की स्वतःचाच पाय तिला अडकतो. आणि चारही पाय एकदम जमिनीवर टेकले पाहिजेत, म्हणजे घरातल्या सपाट फरशीवर मस्त, पण आमच्या गावच्या अंगणात, जिथे शहाबादी वरखाली झालीय, तिथे ती डुगडुगते. अरुंद पायरीवर तर बसतच नाही. म्हणून घरात चार पायांची आणि बाहेर साधी काठी अधिक कुणीतरी सोबत, असं आम्ही ताईंना विचारून ठरवलं.

पण नानांना बाहेर काठी नकोच होती. छत्री पाहिजे होती! "अगं, काठी घेतली की गाव म्हणणार, संपला म्हातारा." आपल्याकडच्या जुन्या माणसांचं हे असंच आहे, उन्हाळ्यातसुद्धा हातात छत्री, आणि मला त्यामागची भावना कळते, खरंच कळते. पण छत्रीचं टोक टाइल्सवर सटकतं, तिची उंची बदलता येत नाही आणि ती अंगाचा भार घ्यायला बनवलेलीच नाही. मी वाद नाही घातला. फक्त म्हटलं, नाना, पारावर जायचं बंद झालं तर गाव काय म्हणेल? दोन दिवस काही बोलले नाहीत, मग स्वतःच सर्जिकलच्या दुकानात येऊन लाकडी रंगाची काठी पसंत केली. ज्याला वापरायचंय त्याला निवडू द्या, नाहीतर कितीही भारी आणा, कोपऱ्यात पडून राहते.

मग वॉकर कुणासाठी? आमच्या आत्याबाईंसाठी. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत पण हातात ताकद चांगली आहे. बिनचाकाचा वॉकर सगळ्यात स्थिर, पण दर पावलाला उचलावा लागतो. पुढे दोन चाकं असलेला ढकलता येतो. आणि चार चाकं, ब्रेक, बसायला सीट असलेला रोलेटर दिसायला छान, पण ज्याला अंगाचा पूर्ण भार टाकायचाय त्याच्यासाठी तो नाही, तो पुढे पळतो. शिवाय आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक आणि खड्डे बघता छोटी चाकं बाहेर किती चालणार ते तुम्हीच ठरवा.

वॉकर घ्यायच्या आधी मेजर टेप घ्या आणि बाथरूमचं दार मोजा. हॉलमधून ऐटीत चालत गेलेला वॉकर बाथरूमच्या दारात अडकतो आणि माणूस तिथूनच भिंत धरून ओल्या फरशीवर जातो, म्हणजे जिथे आधाराची खरी गरज तिथेच आधार नाही. दार अरुंद असेल तर आत भिंतीला पक्के हँडल बसवून घ्या. उंबरठा असेल तर तिथे कसं करायचं ते फिजिओसमोरच शिकून घ्या. साडीचा घोळ घोट्याच्या वर घ्या, आत्याबाई आता गाऊनवरच असतात. आणि खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठायचं नाही, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, मग वॉकर धरायचा. वॉकरला पुढे जड पिशवी पण लटकवू नका, तोल जातो.

पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असेल तर मनाने काहीच घेऊ नका. उचला-ठेवा-चाला यात त्यांची लय तुटते आणि मोकळी चाकं असली तर वॉकर पुढे आणि माणूस मागे. फिजिओला बोलावूनच ठरवा. कुबड्या असतील तर काखेत दोन-तीन बोटांची जागा सुटली पाहिजे, भार तळहातावर, काखेवर टाकला तर तिथली नस दबते.

पैशांचं म्हणाल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना त्यातून काठ्या, वॉकर, कुबड्या मोफत मिळतात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, ६५ वर्षांवरच्या, कौटुंबिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३००० रुपये. शिबिरात वस्तू मिळाली तर फोटो काढून लगेच घरी येऊ नका, तिथेच उभं राहून मनगटाचं माप लावून उंची करून घ्या.

आणि खालचं रबर. दर महिन्याला काठी उलटी करून बघा, त्यावरच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील किंवा एका बाजूने झिजलं असेल तर लगेच बदला, पावसाळ्यात तर नक्कीच. सर्जिकलच्या दुकानात सुटं मिळतं, जाताना जुनं रबर सोबत न्या, कारण प्रत्येक नळीची जाडी वेगळी असते आणि सैल बसलेलं रबर चालता चालता निघून येतं.